धान्याची लांब वाट

अन्नटंचाईचा विषय निघाला की मनुष्याची दृष्टी प्रथम आकाशाकडे आणि नंतर शेताकडे वळते. पाऊस पडला नाही, पूर आला अथवा टोळधाड उतरली म्हणून पीक बुडाले, आणि पीक बुडाले म्हणून लोक उपाशी राहिले, अशी कार्यकारणांची सरळ मालिका बहुतेकांच्या मनात ठसलेली असते. ही मालिका खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. शेत आणि ताट यांच्यामध्ये एक लांब वाट असते. या वाटेवर खळे, बाजार, कोठार, रेल्वे, बंदर, जहाज, गिरणी आणि दुकान असे अनेक टप्पे लागतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर धान्य अडले, तर शेतात विपुल पिकूनही ताट रिकामे राहू शकते. गेल्या शंभर वर्षांतील अनेक मोठी अन्नसंकटे या वाटेवरच जन्मास आली. म्हणून शेताइतकाच या वाटेचाही अभ्यास आवश्यक ठरतो.

साखळी आणि तिचे दुवे

युक्रेनमधील काळ्या कसदार जमिनीत पिकलेला गव्हाचा दाणा कैरो शहरातील भाकरीपर्यंत कसा पोहोचतो, हे पाहिले म्हणजे या व्यवस्थेची कल्पना येते. कापणी झाल्यावर तो गावाजवळच्या कोठारात जातो. तेथून रेल्वेच्या वाघिणींतून अथवा नदीतील मालवाहू नौकांतून तो काळ्या समुद्रावरील बंदरात येतो. बंदरातील उत्तुंग कोठारांतून तो नळाने ओतावा तसा जहाजात ओतला जातो. जहाज बोस्पोरस आणि दार्दानेल्झ या दोन चिंचोळ्या सामुद्रधुन्या ओलांडून भूमध्य समुद्रात उतरते. इजिप्तच्या बंदरात तो पुन्हा कोठारात, मग गिरणीत आणि शेवटी भट्टीत जातो. ही झाली डोळ्यांना दिसणारी वाट. तिच्या जोडीला न दिसणारी दुसरी वाट असते. बँकेचे पतपत्र, जहाजाचा विमा, निर्यातीचा परवाना, चलनाचा दर आणि विक्रेता शब्द पाळील हा खरेदीदाराचा विश्वास, हे तिचे दुवे होत. जहाज सुस्थितीत असूनही विमा मिळाला नाही तर ते बंदर सोडीत नाही. आणि धान्य कोठारात असूनही परवाना नाकारला गेला तर ते देशाबाहेर जात नाही.

या साखळीची तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले वैशिष्ट्य असे की मानवजात मोजक्या पिकांवर जगते. मनुष्याला अन्नातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे निम्मे उष्मांक तांदूळ, गहू आणि मका या तीनच धान्यांतून येतात. दुसरे वैशिष्ट्य असे की ही धान्ये पिकवणारे देश अनेक असले तरी विकणारे देश थोडे आहेत. जगात पिकणाऱ्या गव्हापैकी सुमारे एक चतुर्थांश गहू देशाच्या सीमा ओलांडतो. तांदळाच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम एक दशांश आहे. बाजार इतका लहान असल्यावर एका मोठ्या विक्रेत्याने दार लावून घेतले तरी सर्वत्र हाहाकार उडतो. तिसरे वैशिष्ट्य भूगोलाचे आहे. बोस्पोरस, सुएझ, बाब-एल-मांदेब, मलाक्का आणि पनामा अशा काही अरुंद दरवाजांतूनच जगातील धान्याला आणि खतांना मार्ग काढावा लागतो. दरवाजा उघडा असतो तोपर्यंत त्याचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानी येत नाही.

ब्रह्मदेशचा तांदूळ आणि बंगालचा दुष्काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इरावती नदीच्या मुखाजवळील दलदलीचा प्रदेश साफ करून तेथे भाताची अफाट शेती उभी राहिली. तिला मजूर तेलुगू आणि तमिळ प्रदेशांतून मिळाले, भांडवलाचा मोठा भाग चेट्टियार सावकारांकडून आला, आणि रंगूनच्या गिरण्यांतून निघालेला तांदूळ जहाजांनी जगभर जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश हा तांदळाची निर्यात करणारा जगातील सर्वांत मोठा देश होता. भारत दरवर्षी तेथून दहा लाख टनांहून अधिक तांदूळ घेत असे. त्रावणकोर, कोचीन आणि लंका यांचा तर या तांदळावर फार मोठा भार होता. निर्यातीस नफा देणारी नारळ, चहा, रबर यांसारखी पिके काढावीत आणि तांदूळ रंगूनहून आणावा, हा व्यवहार शांततेच्या काळात शहाणपणाचाच वाटत होता.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि हा दुवा एका दिवसात तुटला. येथे एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. बंगालच्या एकूण गरजेच्या मानाने ब्रह्मी तांदळाचा हिस्सा अल्प होता. केवळ तेवढ्या तुटीमुळे लक्षावधी माणसे मरावीत असे तिचे आकारमान नव्हते. तरीही सर्वांत भीषण संहार बंगालमध्येच झाला. याचे कारण असे की एक दुवा तुटल्यानंतर इतर दुवे एकामागून एक माणसांच्या हातांनी तोडले गेले.

जपानी सैन्य समुद्रमार्गे बंगालमध्ये उतरेल या भीतीने सरकारने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांत दोन आदेश काढले. पहिल्यानुसार तेथील अतिरिक्त तांदूळ उचलून नेण्यात आला. दुसऱ्यानुसार दहा अथवा त्याहून अधिक माणसे वाहून नेऊ शकतील अशा नौका काढून नेण्यात आल्या अथवा मोडून टाकण्यात आल्या. त्यांची संख्या चाळीस हजारांहून अधिक होती. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात नदी हाच रस्ता आणि नाव हीच गाडी. धान्य हाटापर्यंत नेणे, मासेमारीसाठी नदीमुखाकडे जाणे, बेटांवरील शेते कसणे, मडकी घडवण्यासाठी माती आणणे, हे सारे नावेवाचून अशक्य. नाव गेली म्हणजे वाहतूक गेली आणि त्याबरोबर कोळी, नावाडी आणि कुंभार यांची उपजीविकाही गेली.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर आणि चोवीस परगणा या जिल्ह्यांवर प्रचंड चक्रीवादळ आदळले. उभे पीक, गुरे आणि साठवलेले धान्य यांची हानी झाली. दरम्यान प्रत्येक प्रांताने आपले धान्य आपल्यापुरते राखण्यासाठी परप्रांतात माल पाठवण्यास बंदी केली होती. ज्याला धान्य हवे होते त्याच्याभोवती अशा रीतीने कुंपणे उभी राहिली. युद्धोपयोगी कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांतील नोकरवर्गासाठी कलकत्त्यात धान्याची तरतूद होत राहिली; खेड्यांसाठी तशी तरतूद नव्हती. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदळाचा घाऊक भाव मे १९४३ मध्ये तीस रुपयांच्या वर गेला. भाव चढणार हे दिसताच व्यापाऱ्याने माल दाबून धरला, ज्याला शक्य होते त्या गृहस्थाने जादा खरेदी केली, आणि त्या योगाने भाव आणखी चढला.

या भावाने तांदूळ घेणे ज्यांना शक्य नव्हते ते प्रथम कोसळले. स्वतःची जमीन नसलेला शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातील कारागीर हे ते लोक होत. त्यांच्याकडे विकण्यासारखे केवळ श्रम होते, आणि त्या श्रमांची तांदळातील किंमत काही महिन्यांतच कवडीमोल झाली. अमर्त्य सेन यांनी पुढे आपल्या अभ्यासातून दाखवून दिले की १९४३ साली बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. धान्याची उपलब्धता आणि धान्य मिळवण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा सिद्धांत या दुष्काळाच्या अभ्यासावरच मुख्यतः उभा आहे.

दुष्काळ-संहितेनुसार दुष्काळ जाहीर करण्याचे सरकारने अखेरपर्यंत टाळले. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या वृत्तपत्राने रस्त्यांवरील मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली तेव्हा हा अनर्थ जगापुढे आला. धान्यासाठी जहाजे द्यावीत अशी विनंती भारतातून लंडनकडे वारंवार गेली. ती अत्यंत अपुऱ्या प्रमाणात मान्य झाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयपदी आलेल्या वेव्हेल यांनी धान्यवाटपाच्या कामी सैन्य लावले, तेव्हा कोठे खेड्यांपर्यंतची वाट अंशतः मोकळी झाली. मृतांची संख्या चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. मुंबई शहरात मे १९४३ मध्येच शिधापत्रिकांवर धान्यवाटप सुरू झाले होते. कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ मध्ये आले. या दोन तारखांमधील अंतर फार थोड्या महिन्यांचे आहे. परंतु त्या महिन्यांतच बंगालमधील मृत्यूंचा कळस झाला होता.

जहाजावरून थेट मुखात

स्वातंत्र्यानंतर भारताने परदेशी धान्याचा आधार घेतला. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारानुसार पी. एल. ४८० या कायद्याखाली गहू येऊ लागला. त्याची किंमत रुपयांत देता येत असल्याने परकीय चलनाची चिंता नव्हती. शहरांतील रास्त भावाच्या दुकानांना हा गहू मिळत राहिला, आणि औद्योगिक विकासाकडे लक्ष केंद्रित करण्यास शासनाला अवसर लाभला.

या सोयीची किंमत १९६५ नंतर कळली. १९६४-६५ साली देशात ८.९ कोटी टन धान्य पिकले होते. १९६५-६६ च्या अवर्षणात ते ७.२ कोटी टनांवर आले. पुढच्या वर्षीही पावसाने दगा दिला आणि बिहारमध्ये दुष्काळ पडला. १९६६ या एका वर्षात भारताला एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. जहाज बंदराला लागावे, गहू उतरावा आणि तो थेट रेल्वेने दुकानांकडे जावा, मध्ये साठा म्हणून काही उरूच नये, अशी स्थिती होती. 'जहाजावरून थेट मुखात' हे या काळाचे वर्णन म्हणूनच रूढ झाले.

अशा वेळी पुरवठादाराच्या हाती केवढी सत्ता येते हेही दिसून आले. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार करण्याऐवजी गहू थोडाथोडा, जवळजवळ महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडण्याचे धोरण ठेवले. भारताने आपल्या शेतीधोरणात बदल करावेत हा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनाममधील युद्धावर भारत करीत असलेल्या टीकेमुळे असलेली नाराजीही त्यात मिसळलेली होती. पुढचे जहाज निघाले की नाही हे दिल्लीतील अधिकाऱ्यांना दररोज विचारावे लागत होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच संकटाच्या छायेत. त्यात भर म्हणून जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि तो थेट जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. अटलांटिक महासागराकडून भारताकडे येणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालणे भाग पडले.

या अनुभवाने भारताला जे शिकवले त्याचे परिणाम दूरगामी ठरले. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग या संस्था स्थापन झाल्या होत्या. १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या जातींच्या गव्हाचे बियाणे आणण्यात आले. १९६७-६८ साली देशात सुमारे ९.५ कोटी टन धान्य पिकले. शेतकऱ्याला आधारभूत किंमत, सरकारी खरेदी, राखीव साठा आणि रास्त भावाची दुकाने, असा चार खांबांवर उभा राहिलेला मंडप यातून आकारास आला.

तथापि धान्याच्या आयातीतून कायमची सुटका झाली असे मानणे घाईचे ठरले असते. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण अवर्षण पडले. त्याच वर्षी सोव्हिएट संघाने जागतिक बाजारातून धान्याची प्रचंड खरेदी केली आणि गव्हाचे भाव पुढील दोन वर्षांत कित्येक पटींनी चढले. ज्या वेळी भारताला धान्य हवे होते, नेमक्या त्याच वेळी बाजार रिता आणि महाग झाला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या वाट्याला परदेशातून आलेला लाल मिलो आला. रंगाने आणि चवीने तो ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांच्या पसंतीस उतरला नाही, आणि महाराष्ट्रातील खेड्यांत 'मिलो' हा शब्दच त्या वर्षांची खूण होऊन राहिला. तरीही मजुराला हाती मजुरी आणि दुकानात काही ना काही धान्य मिळाले. बंगालमध्ये १९४३ साली हेच दोन दुवे तुटले होते. महाराष्ट्रात १९७२-७३ साली ते प्रयत्नपूर्वक जोडून ठेवण्यात आले, म्हणूनच पीक बुडूनही तसा संहार झाला नाही. १९७३ च्या अखेरीस सोव्हिएट संघाने भारताला २० लाख टन गहू उसना दिला, हीसुद्धा या कथेतील एक उल्लेखनीय गोष्ट आहे.

भीतीचा दुवा

साखळी तुटण्यास युद्ध अथवा अवर्षण लागतेच असे नाही. केवळ भीतीनेही ती तुटू शकते. २००७-०८ मधील तांदळाचे संकट हे त्याचे बोलके उदाहरण होय. त्या काळात जगात तांदळाचे पीक उत्तम होते. परंतु खनिज तेल आणि गहू यांचे भाव चढले होते. देशांतर्गत भाव आवाक्यात राहावेत म्हणून भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बासमतीखेरीज इतर तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पाठोपाठ व्हिएतनामने आपली निर्यात आवरली. आता तांदूळ मिळणार नाही या भीतीने आयात करणारे देश मिळेल त्या भावाने खरेदीस धावले. २००८ च्या आरंभी टनाला चारशे डॉलरांच्या आत असलेला थायलंडचा तांदूळ एप्रिल-मे महिन्यांत हजार डॉलरांच्या आसपास गेला.

दूरच्या हैती या देशाला त्याचा सर्वांत कठोर फटका बसला. आयातीवरील जकात कमी केल्यानंतर स्वस्त परदेशी तांदळापुढे तेथील भातशेती टिकली नव्हती, आणि लोकांचे जेवण जहाजावर अवलंबून राहिले होते. एप्रिल २००८ मध्ये तेथे अन्नासाठी दंगली झाल्या आणि पंतप्रधानांना पद सोडावे लागले. हे संकट ज्या रीतीने शमले ते अधिक बोधप्रद आहे. जपानपाशी करारानुसार आयात करून साठवलेला तांदूळ पडून होता. तो फिलिपाइन्सला देण्याची सिद्धता असल्याची वार्ता मे महिन्यात पसरली आणि प्रत्यक्ष माल हलण्यापूर्वीच भाव उतरू लागले. भीतीने चढलेला भाव साठ्याच्या नुसत्या बातमीने उतरला. साठा केवळ पोटासाठी नसतो, बाजाराचे मन स्थिर ठेवण्यासाठीही असतो, हा यातील धडा होय.

काळ्या समुद्राचा दरवाजा

४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरूत येथील बंदरात महास्फोट झाला आणि देशातील सर्वांत मोठी धान्यकोठारे उद्ध्वस्त झाली. त्यांची क्षमता सुमारे १,२०,००० टन होती. गव्हाच्या आयातीवर जगणाऱ्या या लहान देशाची साठवणशक्ती त्यानंतर सुमारे महिन्याभराच्या गरजेपुरतीच उरली. म्हणजे यापुढे जहाजांचा ओघ अखंड राहणे अपरिहार्य झाले.

तो ओघ दीड वर्षानंतर खंडित झाला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. जगातील गव्हाच्या निर्यातीपैकी सुमारे तीस टक्के निर्यात या दोन देशांतून होत असे. ओडेसा आणि आसपासची बंदरे बंद पडली, समुद्रात सुरुंग पसरले, आणि दोन कोटी टनांहून अधिक धान्य युक्रेनच्या कोठारांत अडकून पडले. धान्य होते, घेणारे होते, जहाजेही होती. परंतु दरवाजा बंद होता. रेल्वेने हे धान्य पश्चिमेकडे नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा एक जुनी अडचण पुढे आली. युक्रेनमधील रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर, तर बहुतेक युरोपातील रुळांची १,४३५ मिलिमीटर. सीमेवर प्रत्येक गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणे अथवा चाके बदलणे भाग होते. समुद्राने जाणारा माल या वाटेने पूर्णपणे नेणे शक्यच नव्हते. डॅन्यूब नदीवरील लहान बंदरांनी काही भार उचलला, पण तोही मर्यादित होता.

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नमूल्य निर्देशांक त्यावेळेपर्यंतच्या उच्चांकावर पोहोचला. पुन्हा तीच भीतीची मालिका सुरू झाली. इंडोनेशियाने एप्रिलअखेरीस पामतेलाची निर्यात थांबवली व मेमध्ये पुन्हा खुली केली. मार्चमधील तीव्र उष्णतेने उत्तर भारतातील गव्हाला झळ पोहोचल्यानंतर १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पाच पावसाळे कोरडे जात होते. ज्या वर्षी सोमालियातील जनावरे तहानेने मरत होती, त्याच वर्षी तेथे येणारा परदेशी गहूही अडला.

२२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूल येथे संयुक्त राष्ट्रे आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने करार झाला. १ ऑगस्ट रोजी 'राझोनी' हे पहिले जहाज ओडेसाहून निघाले. त्याच महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमाचे एक जहाज २३,००० टन गहू घेऊन इथिओपियासाठी रवाना झाले. सुमारे वर्षभरात जवळजवळ ३.३ कोटी टन माल या वाटेने गेला. १७ जुलै २०२३ रोजी करार संपुष्टात आला. नंतर युक्रेनने रुमानिया व बल्गेरिया यांच्या किनाऱ्यालगत दुसरी सागरी वाट सुरू केली. शत्रुत्व कायम असतानाही धान्यापुरता दरवाजा उघडा ठेवता येतो, हे या कराराने दाखवले. आणि तो कोणत्याही दिवशी पुन्हा बंद होऊ शकतो, हेही.

काटकसरीचा दोष

दरवाजे केवळ युद्धानेच बंद होतात असे नाही. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. २०२३ साली पनामा कालव्याला पाणी पुरवणारे गातून सरोवर अवर्षणाने खालावले. हा कालवा गोड्या पाण्यावर चालतो. जहाज पायऱ्यांसारख्या जलपेट्यांतून वर चढवताना प्रत्येक वेळी ते पाणी खर्ची पडते. त्यामुळे दररोज सोडल्या जाणाऱ्या जहाजांची संख्या घटवावी लागली, आणि अमेरिकेतून आशियाकडे निघालेल्या मका व सोयाबीनच्या जहाजांना ताटकळावे लागले अथवा लांबची वाट धरावी लागली. एका खंडातील पाऊस अशा रीतीने दुसऱ्या खंडातील चाऱ्याच्या भावात उतरला.

भारतालाही या गोष्टीचा आपल्या घरात प्रत्यय आला. २५ मार्च २०२० रोजी साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. जीवनावश्यक मालाला सूट होती. परंतु कोणता माल जीवनावश्यक याचा निर्णय नाक्यानाक्यावर होऊ लागला. धान्य जीवनावश्यक, पण पोते आणि वेष्टन? ट्रक जाऊ शकतो, पण चालकाला जेवण देणारा ढाबा बंद, आणि माल उतरवणारा हमाल गावी निघालेला. अखेर २९ मार्च रोजी केंद्र सरकारने असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस मुभा दिली. अन्नाची वाट अन्नेतर वस्तूंवर आणि अनेक अनाम माणसांच्या श्रमांवर उभी असते, हे या चार दिवसांत स्पष्ट झाले.

आधुनिक व्यापाराने साठा म्हणजे अडकलेले भांडवल मानले, रिकामे कोठार म्हणजे वाया गेलेला खर्च मानला, आणि दुसरा मार्ग राखून ठेवणे म्हणजे उधळपट्टी मानली. या काटकसरीने धान्य स्वस्त झाले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्याला नेहमीच्या दिवशी अपव्यय म्हटले जाते, तेच संकटाच्या दिवशी आधार ठरते. घरातील कणगीत पुढच्या हंगामापर्यंतचे धान्य राखणारी गृहिणी जो हिशेब करते, तो राष्ट्रांनाही करावा लागतो.

निष्कर्ष

यावरून प्रत्येक देशाने केवळ आपल्या शेतावर जगावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. केवळ स्वतःच्या पावसावर विसंबणारा देश स्वतःच्या अवर्षणाने मरतो; १९६६ आणि १९७२ साली परदेशी धान्यानेच अनेकांचे प्राण वाचवले. शिवाय स्वयंपूर्णता हा शब्दही जपून वापरावा लागतो. धान्याच्या बाबतीत आपल्या पायांवर उभा राहिलेला भारत निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि पिकांना लागणाऱ्या पोटॅश खतासाठी जवळजवळ संपूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. कोठार भरलेले असले तरी त्यातील दाण्यामागे दूरच्या खाणी आणि बंदरे उभी आहेत.

बोध निघतो तो इतकाच की वाट एकच असू नये, विक्रेता एकच असू नये आणि कोठार रिते असू नये. निर्यातबंदीचा निर्णय घेणाऱ्या देशाने शेजाऱ्याच्या चुलीचाही विचार करावा, कारण आज विकणारा उद्या घेणारा होतो. भारताने हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की साखळीचा शेवटचा दुवा बंदरात नसून मजुराच्या हातात असतो. त्याच्या हाती धान्य घेण्यापुरते दाम नसतील, तर हजारो मैल समुद्र ओलांडून आलेला गहू त्याच्या दारासमोरच्या दुकानात असूनही त्याच्यापासून तितकाच दूर राहतो. १९४३ साली कलकत्त्यात धान्याने भरलेल्या दुकानांसमोर माणसे प्राण सोडत होती. अन्नव्यवस्थेची खरी परीक्षा जहाजांच्या आकाराने अथवा कोठारांच्या उंचीने होत नाही. ती या शेवटच्या, सर्वांत अशक्त दुव्यावर होते, आणि तो दुवा शाबूत ठेवणे हे प्रत्येक समाजाचे पहिले कर्तव्य ठरते.